वाड्याचा 'लक्झरी लॉफ्ट' झाला: वाडा वाचला की गेला?

गंगाघाट

गेल्या रविवारी नाशिकच्या तिवंधा चौकाजवळच्या एका गल्लीत विकायला काढलेलं घर बघून आलो. घेण्याची ऐपत नाही, पण आजोळ गावातलं, त्यामुळे राहवलं नाही. तीन मजली वाडा. वरची माडी आणि तिच्यावरचा माळा मिळून एकच प्रशस्त घर केलंय. मधल्या फळ्या निम्म्या काढल्यात, त्यामुळे बैठकीत उभं राहिलं की नजर सरळ आढ्याला जाते. जाहिरातीत त्याला 'लक्झरी लॉफ्ट' म्हटलंय. सागवानी खांब घासून तेल पाजलेले, वाड्यातल्या मोकळ्या चौकावर काचेचं छत, एसी, लिफ्ट. जिना मात्र जुनाच राहू दिलाय, अंधारा आणि खडा, धरायला दोर. तो दोर हातात घेतला आणि आजीकडचा जिना आठवला. त्याची तिसरी पायरी मधोमध इतकी झिजली होती की अंधारातही पाय बरोबर त्या खळग्यात पडायचा.

आजीचं ते घर आता नाही. एका पावसाळ्यात मागची भिंत बसली, धोकादायक म्हणून नोटीस लागली, लाकूड जुन्या सागाच्या व्यापाऱ्याने उचललं. आज तिथे पत्रे ठोकलेली रिकामी जागा आहे.

म्हणून माझं मत सरळ आहे. सराफ बाजारातला सरकारवाडा संरक्षित स्मारक आहे, त्याला सरकार वाली आहे. गल्लीबोळातल्या वाड्यांना कोणी नाही. दर पावसाळ्यात कुठला ना कुठला वाडा पडल्याची बातमी येतेच. अशा वेळी एखाद्याने पैसा ओतून वाडा उभा ठेवला तर त्याला नावं ठेवू नयेत. तुमचं काय मत?

दोनखणी

दादा, अजिबात पटलं नाही. लॉफ्ट हा शब्द आला कुठून ते बघा. न्यूयॉर्कच्या सोहो भागात कारखाने आणि गोदामं रिकामी पडली, १९६० च्या दशकात तिथे कलाकार राहायला लागले, पुढे श्रीमंत आले. कारखान्यात आधी कोणाचा संसार नव्हता. वाड्यात होता.

आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडं होती. आईने दोन खणांत ३४ वर्षं काढली. चौकात एकच नळ, त्याला पाणी यायचं पहाटे, आणि हंड्यांची रांग रात्रीच लागायची. घरमालकाने कौलं शेकारणं बंद केलं. आम्ही आमच्या पैशाने करतो म्हटलं, तर तेही करू देईना. दोन पावसाळे आईने अंथरुणाशेजारी पातेली मांडली. शेवटी जागा सोडण्यासाठी मालकाने दिलेले पैसे घेतले आणि निघालो. त्यानंतर आठ महिन्यांत तेच छप्पर नवं झालं! म्हणजे छप्पर दुरुस्त होण्यासारखं होतंच, आम्ही आत होतो तोवर ते करायचं नव्हतं.

आता सांगा, तुम्ही बघितलेल्या वाड्यात आधी किती बिऱ्हाडं होती? विचारलंत?

पाचवा_वाटा

तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. तुमच्या मालकाचं समर्थन करत नाही. पण मी दुसऱ्या बाजूला आहे, तेही ऐका.

सराफ बाजारामागे आमचा वाडा आहे, वडिलोपार्जित. प्रॉपर्टी कार्डावर अकरा नावं, त्यातली चार माणसं हयात नाहीत, दोघे परदेशात. सहा भाडेकरूंचं मिळून महिन्याला ४१० रुपये भाडं येतं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ देता येते. करा हिशोब. एवढ्यात कौलं शेकारणाऱ्या माणसाची एका दिवसाची मजुरीही सुटत नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, पूर बाजारात शिरला तेव्हा ओसरीवर गुडघाभर गाळ होता. तो मी, माझा नवरा आणि दोन भाडेकरू अशा चौघांनी मिळून उपसला. बाकीच्या वाटेकऱ्यांपैकी एकाचा फोन आला, तोही मोबदला काही मिळतो का विचारायला.

मला वाडा पाडायचा नाहीये. पण बिल्डर म्हणतो पाडा, बँक म्हणते अकरा सह्या आणा, पालिका नोटीस चिकटवून जाते. उद्या कोणी माळ्याचं घर करून देतो म्हणाला आणि त्या पैशात खालचे दोन भाडेकरू राहिले, तर मी हो म्हणेन. राग आला तरी चालेल.

दोनखणी

राग नाही, ताई. खालचे दोन भाडेकरू राहणार असतील तर माझं भांडणच मिटलं. पण असं झालेलं एक तरी घर गावात दाखवा. वर आलिशान घर आणि खाली बिऱ्हाड, हे विकत घेणाऱ्यालाच नको असतं. एकच जिना, कुकरच्या शिट्ट्या, चौकात वाळत घातलेली धुणी.

आणि एक कबूल करतो. आई आता पाथर्डी फाट्याला फ्लॅटमध्ये आहे, लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, आणि तिला परत यायचं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तिथे होतं काय रे, गुडघे गेले माझे त्या जिन्यात." म्हणजे आईला परत आणा असं माझं म्हणणं नाहीच. पण तिवंध्याची रहाड, म्हणजे रंग खेळायचा जुना हौद, वर्षभर जमिनीखाली झाकलेली असते, रंगपंचमीला उघडतात. उघडायला आणि उडी मारायला गल्लीतलीच पोरं लागतात ना? सुट्टीपुरतं येणारं कुटुंब त्यात उतरेल का? २०२७ च्या सिंहस्थाच्या तोंडावर अशी घरं पाहुण्यांना भाड्याने द्यायलाच घेतली जाणार, हे उघड आहे.

कॉलेजरोडकर

गाडी कुठे लावायची तेवढं सांगा. त्या गल्लीत रिक्षा आली तर समोरच्याला ओट्यावर चढावं लागतं. एवढे पैसे देऊन कोण राहणार तिथे?

रंधा

मी सुतार. वडीलही हेच काम करायचे. वाचला की गेला, हे बैठकीत उभं राहून कळत नाही.

वाडा भिंतींवर उभा नसतो, लाकडाच्या सांगाड्यावर असतो. दगडी तळखडा, त्यावर खांब, वर तुळई, तुळईवर कड्या म्हणजे आडवी लाकडं, कड्यांवर फळ्या. भिंत विटांची आणि पांढऱ्या मातीची, वरून चुना. हा माल पावसात ओल पितो आणि उन्हात सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि भिंतीत गेलेलं तुळईचं टोक कुजायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही. एका घरी बैठकीतली तुळई आरशासारखी चकाकत होती. मला भिंतीजवळ शंका आली म्हणून गिलावा फोडला आणि टोकाला स्क्रूड्रायव्हर लावला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. सगळा भुसा. ते काम होऊन तीनच पावसाळे झाले होते.

दुसरं, फळ्या काढल्या त्याला हरकत नाही, पण त्यांच्याबरोबर कड्या काढल्या का? कड्यांनी समोरासमोरच्या भिंती धरून ठेवलेल्या असतात. त्या गेल्या आणि बदली लोखंडी पट्टी दिली नाही, तर भिंत हळूहळू बाहेर कलते.

तिसरं, चौकावर काच. चौक पूर्वीच्या लोकांनी हौस म्हणून ठेवला नव्हता. खालची दमट हवा त्यातून वर निघून जाते, म्हणून मजले कोरडे राहतात. काच घातली, एसी लावला, की ते थांबलं. निदान कडेने हातभर फट तरी सोडायला हवी होती.

पैसेवाला आहे की भाडेकरू, वाळवीला फरक पडत नाही. गंगाघाट भाऊ, परत जाणार असाल तर खांबांच्या बुडाशी बोटाच्या पेराने ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक.

गंगाघाट

काल संध्याकाळी जाऊन आलो. दोनखणी, तुमचा प्रश्न विचारला. पाच बिऱ्हाडं होती. तिघांनी पैसे घेतले, एक आजी तिथेच वारल्या, एकाचा दावा अजून कोर्टात आहे. हे मी रविवारी विचारायला हवं होतं. नुसत्या दोराकडे बघून भारावलो, ही माझी चूक. तरीही वाडा पडला असता तर त्या दाव्यालाही जागा उरली नसती, हे माझं मत कायम आहे.

रंधा भाऊ, कड्या काढलेल्या नाहीत, फक्त फळ्या काढल्यात, कड्या वर उघड्या दिसतात. चौकाची काच मात्र चारही बाजूंनी सिलिकॉन लावून बंद आहे. खांब ठोकले. दर्शनी चार टणक वाजले. नव्या न्हाणीघराच्या भिंतीत जो अर्धा गाडलाय त्याचा आवाज भद्द आला, तिथे गिलावा सिमेंटचाच आहे. मालकांना तिथेच उभं करून दोन्ही आवाज ऐकवले. त्यांचा चेहरा उतरला. संगमरवर बसवून महिनाही झाला नव्हता. फोडून बघायला तयार आहेत. तुम्ही याल का?

रंधा

येतो. पण पावसाच्या आत. आणि मी येईपर्यंत कोणाला ब्रेकर लावू देऊ नका, भिंत मातीची आहे. छिन्नी-हातोडीने काढू. वरच्या तुळईखाली आधी टेकू द्यावे लागतील, दोन बल्ल्या आणून ठेवायला सांगा.