छातीत कळ आली तर १०८ की दारातली गाडी?

होटगीरोडकर:
माझं मत सरळ आहे. सोलापूर शहरात हार्ट अटॅकला ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसू नये. शहरात वीस मिनिटांत पोचायचं, हेच मुळी १०८ चं उद्दिष्ट. पहाटे तीनला तेवढ्यात मी पेशंटला घेऊन सिव्हिलच्या दारात असतो. गाडी आहे, पोरगा चालवतो, मग थांबायचं कशाला?

रात्रपाळी:
आयसीयूत नोकरी करते म्हणून विचारते, वाटेत पेशंटनं मान टाकली तर स्टिअरिंगवरचा पोरगा काय करणार? पहिल्या तासात खरी भीती हृदयाची लय बिघडण्याची. तेव्हा लगेच छातीला विजेचा शॉक द्यावा लागतो, आणि मिनिटागणिक जगण्याची शक्यता घटत जाते. १०८ मध्ये डॉक्टर असतो, शिवाय पैसे लागत नाहीत.

होटगीरोडकर:
२०१४ ला सेवा सुरू झाली तेव्हा राज्यभरात ९३७ गाड्या, त्यातल्या ॲडव्हान्स लाइफ सपोर्टवाल्या, म्हणजे जीव वाचवायची जास्त साधनं असलेल्या, २३३. म्हणजे चारांत एक. माझ्या दारात तीच येईल कशावरून?

रात्रपाळी:
फोन करताना ‘छातीत दुखतंय, घाम फुटलाय, डावा हात भरून आलाय’ असं स्पष्ट सांगा की. लोक नुसतं ‘पेशंट सिरियस आहे’ म्हणतात आणि पत्ता सांगायच्या आधी फोन ठेवतात. त्याहून वाईट म्हणजे ‘रात्री मटण झालं, ॲसिडिटी असेल’ म्हणून इनो पाजून झोपवतात. ह्यात जे दोन-तीन तास जातात ते कुठल्याच गाडीनं भरून निघत नाहीत.

मंगळवेढेकर:
तुमचं शहरातलं भांडण चालू द्या. आम्हाला सोलापूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. उसाच्या हंगामात पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागं लाल दिवासुद्धा नाही. करमाळ्याचं तर बोलायलाच नको. ॲम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला २०१९ पासून दहा हजारांचा दंड आहे म्हणे, पण ट्रॅक्टरवाल्यानं गाणी लावलेली, सायरन ऐकणार कोण?
माझं म्हणणं एवढंच, आधी तालुक्यात ईसीजी काढा. दोन तासांत अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची बंद नस फुग्यानं उघडणं, होणार नसेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन अर्ध्या तासात तिथंच द्यायचं, मग सोलापूरला हलवायचं, हा ठरलेला नियम आहे. ईसीजीचा फोटो सोलापूरच्या हार्टच्या डॉक्टरला व्हॉट्सॲपवर टाकायला किती वेळ लागतो? पण आमच्याकडं एका दवाखान्यात ईसीजी न काढताच चिठ्ठी मिळाली, ‘पुढं न्या’.

बार्शीचा डॉक्टर:
इंजेक्शन म्हणजे सलाइन नव्हे. क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो. आधी पक्षाघात झालाय का, नुकतं ऑपरेशन झालंय का, बीपी किती, हे सगळं बघावं लागतं. आणि पेशंट दगावला की काचा आमच्या फुटतात. डॉक्टर-दवाखान्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० चा कायदा आहे, पण जमाव आल्यावर कायदा वाचून दाखवू का?

मंगळवेढेकर:
डॉक्टरसाहेब, तुमची भीती खरी आहे. पण ईसीजीला कसली भीती?

बार्शीचा डॉक्टर:
त्याला नाही. पेशंट दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघालाच पाहिजे, मान्य.

होटगीरोडकर:
तालुक्याचं पटलं. शहरात मात्र मी गाडीच काढणार. वाटेत ॲस्पिरिन चघळायला देईन आणि जिभेखाली सॉर्बिट्रेट, नसा सैल करणारी गोळी.

रात्रपाळी:
सॉर्बिट्रेट बीपी न बघता नको! आधीच बीपी कमी असेल तर आणखी उतरेल. ॲस्पिरिनसुद्धा ॲलर्जी किंवा कुठं रक्तस्राव नाही ना, हे विचारून. आणि गाडी काढणारच असाल तर शेजारच्याला मागच्या सीटवर बसवा, छाती दाबता येणारा.