आईच्या पासबुकात दर महिन्याला १९९ रुपये कापलेले दिसतात, कसं थांबवायचं?

माधवी_पार्ले:

नमस्कार मंडळी. आम्ही विलेपार्ले पूर्वेला राहतो. आई ७१ वर्षांची आहे, माझ्याजवळच असते. लग्न झाल्यापासून ती खर्चाची वही लिहिते: दूध, भाजी, पेपर, गॅस, इस्त्री. मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात ती कित्येक वर्षं होती. महिन्याचा माल एका सभासदाच्या घरी उतरायचा आणि आई यादी हातात घेऊन एकेक जिन्नस मोजून घ्यायची. पाकिटावरचं वजन आणि तारीख वाचल्याशिवाय ती आजही काही पिशवीत टाकत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण असलं काही झालं की लोक लगेच म्हणतात, वयस्कर माणसांना कळत नाही.

परवा बँकेच्या मशीनवर पासबुक भरून आणलं आणि वहीशी ताळा लागेना. आधी तिला वाटलं दूधवाल्याचा हिशेब चुकला. दोन दिवस ती जुनी बिलं काढून बसली होती. मग मी पासबुक बघितलं. जूनपासून दर महिन्याला १९९, असे चार वेळा, आणि त्याआधी मे महिन्यात एकदा १ रुपया. समोर एका कंपनीचं नाव, जे आम्ही दोघींनी कधी ऐकलेलं नाही.

तो १ रुपया बघितल्यावर तिला आठवलं. संध्याकाळी ती मोबाईलवर अभंग ऐकते. मधेच जाहिरात आली, सगळी कीर्तनं एका ठिकाणी, फक्त १ रुपयात. खाली नारिंगी पट्टीत घड्याळ उलटं पळत होतं. रुपयाचाच प्रश्न म्हणून तिने पिन टाकला. नंतर ते अ‍ॅप आवडलं नाही म्हणून काढूनही टाकलं. पैसे कापण्याआधी येणारे मेसेज इंग्रजीत होते, ते तिने वाचले नाहीत.

७९७ रुपये गेले याच्यापेक्षा मला वेगळंच लागलंय. तिने मोबाईल कपाटात ठेवून दिलाय. ‘मला नको तो, माझ्या हातून चुका होतात,’ म्हणते. हे थांबवायचं कसं आणि पैसे परत मिळतात का, कुणाला अनुभव असेल तर सांगा.

सचिन_मुलुंड:

ताई, अ‍ॅप काढून टाकल्याने काही होत नाही, बँकेला दिलेली परवानगी तशीच राहते. आईंनी ज्या यूपीआय अ‍ॅपवरून तो रुपया दिला तेच उघडा. त्यात ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असा विभाग असतो. तिथे त्या कंपनीचं नाव दिसेल, ते रद्द करा. पिन मागेल, तो आईंनाच टाकू द्या.

आणि एक. कंपनीचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधू नका, तिथे भामट्यांचे नंबर पेरलेले असतात. रद्द केल्याच्या पडद्याचा फोटो जपून ठेवा.

जाहिरातवाला_अंधेरी:

मी सहा वर्षं अशाच अ‍ॅपच्या जाहिरातींचं काम केलं आणि ते सोडलं. तुमच्या आईंची चूक नाही हे त्यांना नीट कळावं म्हणून सविस्तर लिहितो. जमलं तर वाचून दाखवा.

फुकट न देता १ रुपया का घेतात? फुकट म्हटलं की माणूस विचारतो, मग पिन कशाला? रुपया म्हटला की पिन टाकणं साहजिक वाटतं. पण तो पिन त्या रुपयापुरता नसतो, दर महिन्याच्या वसुलीला दिलेली ती संमती असते. पुढे १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला पुन्हा पिन मागत नाहीत. जाहिरातीत ‘१ रुपया’ बोटभर उंच, आणि ‘त्यानंतर दरमहा १९९’ तळाशी राखाडी अक्षरांत. कुठला रंग ठेवला की जास्त लोक पुढे जातात, हे आम्ही रोज मोजायचो.

ते घड्याळ बहुतेक ठिकाणी कशालाच जोडलेलं नसतं. अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा, पुन्हा दहा मिनिटंच दिसतील. आमच्याकडे तरी तसंच होतं.

ती जाहिरात अभंगाच्या मधेच आली यातही योगायोग नाही. जाहिरात देताना भाषा निवडता येते, वयोगट निवडता येतो, ६५ च्या वरचा गट तर वेगळाच असतो. आणि बैठकीत विचारायचे काय, तर रुपयावाल्यांपैकी तिसऱ्या महिन्यात किती जण अजून पैसे देतायत. त्यातले किती जण अ‍ॅप उघडतात हे कुणी विचारलेलं मला आठवत नाही. माझी स्वतःची आई त्याच वयाची. एका बैठकीतून उठलो तेव्हा ती डोळ्यासमोर आली आणि पुढे ते काम माझ्याने होईना.

आता कामाचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला फसवणारी पडद्यावरची मांडणी, रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिलेत. खोटी घाई हा एक, वर्गणीचा सापळा हा दुसरा. फुकट वर्गणीसाठी आपोआप पैसे कापण्याची परवानगी द्यायला लावणं आणि रद्द करण्याचा पर्याय लपवणं, दोन्ही त्या सापळ्यात मोडतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. बोलताना ‘चुकून झालं’ म्हणू नका. ‘किंमत ठळक दाखवली नव्हती’ असं सांगा. पासबुकाच्या पानांचे फोटो जोडा.

नीता_गिरगाव:

माझ्या सासूबाईंचंही असंच झालं होतं, पंचांगाच्या अ‍ॅपवर. मी त्यांच्या फोनवर बँकेचे मेसेज मराठीत येतील अशी भाषा बदलून घेतली, काही बँकांत तशी सोय आहे. यूपीआयसाठी वेगळं छोटं खातं काढलं, त्यात दोन हजारांच्या वर ठेवत नाही. पेन्शनच्या खात्याला मोबाईल जोडलेलाच नाही. माधवी, आईंना मोबाईल परत हातात द्या हो. माझ्या सासूबाई महिनाभर व्हिडिओ कॉलवर नातवाशीसुद्धा बोलल्या नव्हत्या.

माधवी_पार्ले:

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते.

मँडेट सापडलं, चौथ्या पडद्यावर. आईने स्वतः पिन टाकून रद्द केलं. त्यात लिहिलेली कमाल रक्कम ९९९ होती, म्हणजे १९९ चे उद्या ९९९ झाले असते तरी पुन्हा विचारलं नसतं. हे वाचून ती बराच वेळ गप्प बसली.

मग अंधेरीच्या दादांचं उत्तर वाचून दाखवलं. राखाडी अक्षरांचं ऐकल्यावर म्हणाली, ‘दाखव मला ती जाहिरात.’ दोन दिवसांनी जाहिरात परत आली. आईने चष्मा लावून, भिंग घेऊन तळाची ओळ वाचली. मग अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडायला लावलं. घड्याळ ९:५९ वरून पुन्हा सुरू झालं. हे तिने तीनदा करून बघितलं आणि मला फोटो काढायला सांगितले. ते तक्रारीला जोडले.

१९१५ वर तीच बोलली, मी नुसती शेजारी बसले होते. बाराव्या दिवशी कंपनीने शेवटच्या दोन महिन्यांचे ३९८ परत केले, आधीचे धोरणात बसत नाहीत म्हणे. आईला ते मान्य नाही. पुढची तक्रार तिने मराठीत हाताने लिहून काढलीये, मी फक्त टाईप करणार आहे. मोबाईल कपाटातून बाहेर आलाय. वहीत काल ‘३९८ जमा’ अशी नोंद झाली, आणि तिच्याखाली लाल पेनाने ‘३९९ येणे’.