इम्पालाचा पॉवरग्लाइड गिअरबॉक्स बदलावा का?

प्रश्न (पुणे): माझ्या १९६५ च्या शेव्हर्ले इम्पालाचा मूळ पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दोनच गिअरचा असल्याने खंबाटकी घाटात गाडी दमते आणि महामार्गावर इंजिन फार ओरडते. त्याऐवजी ७००आर४ हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवावा का?

उत्तर १: जरूर बसवा. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.०६ (चढावर जोर मिळतो) आणि चौथ्याचे ०.७० (महामार्गावर इंजिन सावकाश फिरते) असल्याने दोन्ही तक्रारी मिटतील. मात्र हा गिअरबॉक्स लांब असल्याने त्याचा मागचा माउंट (आधार) सरकवून प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा दांडा) आखूड करावा लागेल, आणि कार्ब्युरेटरकडून येणारी टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल अचूक जुळवली नाही, तर तेलाचा दाब कमी पडून क्लच जळतात.

उत्तर २: माझ्या मते आधी जुन्या गिअरबॉक्सचे तेल व व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनच्या व्हॅक्यूमनुसार गिअर बदल सांभाळणारा भाग) तपासावेत. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी मूळ स्वरूपात लागते, म्हणून चासिस कापू नका आणि पॉवरग्लाइड जपून ठेवा.