तटस्थ देशाचं जहाज युद्धात पकडतात ते कुठल्या नियमाने?

नीलांबरी
पहिल्या महायुद्धावर वाचतेय आणि एका जागी अडकलेय. १९१४ च्या शेवटी न्यूयॉर्कहून कोपनहेगनला निघालेली चार जहाजं ब्रिटिश नेव्हीने अडवली, तीन नॉर्वेची, एक स्वीडनचं. अमेरिका, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, कोणीच तेव्हा युद्धात नव्हतं. आणि माल बघाल तर मुख्यतः डुकराची चरबी आणि मांस, तोफा नाहीत की बंदुका नाहीत. मग जप्त केलं ते कुठल्या हक्काने? मला तर ही सरळ दादागिरी वाटते. कोणी नीट समजावून सांगाल का?

दर्यावर्दी
ताई, अडवण्याचा हक्क जुनाच आहे. लढणाऱ्या देशाची युद्धनौका भर समुद्रात कुठलंही व्यापारी जहाज थांबवून कागद तपासू शकते, झडती घेऊ शकते. पण पकडलं म्हणजे माल आपला झाला असं नाही, बंदरात न्यायचं, प्राइझ कोर्टापुढे, म्हणजे युद्धात पकडलेल्या जहाजांचा आणि मालाचा निकाल लावणाऱ्या कोर्टापुढे, उभं करायचं आणि निकालाची वाट बघायची.
१८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यात ठरलं की तटस्थ झेंड्याखालच्या शत्रूच्या मालालाही हात लावायचा नाही, अपवाद फक्त काँट्राबँडचा, म्हणजे शत्रूला लढायला उपयोगी पडणाऱ्या मालाचा. सगळी भांडणं मग या अपवादावरूनच. १९०९ मध्ये लंडनला झालेल्या करारात तीन याद्या केल्या: दारूगोळा वगैरे पहिल्या यादीत, तो शत्रूच्या मुलखात चाललाय एवढं दिसलं की पुरे. धान्य, चारा, इंधन दुसऱ्या यादीत, हे शत्रूच्या सैन्याला किंवा सरकारला जाणार असेल तरच पकडायचं, आणि तटस्थ बंदरात उतरणार असेल तर सोडून द्यायचं. तिसऱ्या यादीत कच्चा कापूस, रबर, खतं, यांना हात लावायचाच नाही.
पण ब्रिटनने हा करार मंजूर केलाच नाही, त्यासाठीचं बिल हाउस ऑफ लॉर्ड्सने पाडलं. युद्ध लागल्यावर सोयीचं तेवढं घेतलं आणि बाकीचं बदलत गेले. ऑगस्ट १९१५ मध्ये तर कापूस तिसऱ्या यादीतून उचलून थेट पहिल्या यादीत टाकला, कारण त्यापासून गनकॉटन हे स्फोटक होतं.

जुने_कागद
तुम्ही म्हणताय ती केस ‘किम’ची, चारपैकी एका जहाजाचं नाव. निकाल सप्टेंबर १९१५ चा, जज सर सॅम्युएल इव्हान्स.
यातला हिशोब बघण्यासारखा आहे. युद्धाआधीच्या तीन वर्षांत डेन्मार्क वर्षाला सरासरी जेवढी चरबी मागवायचा त्याच्या तेरा पटीहून जास्त चरबी या चार जहाजांवर होती, आणि ही जहाजं साधारण तीन आठवड्यांच्या आत निघालेली. शिवाय डेन्मार्क स्वतःच डुकराचं मांस विकणारा देश, एवढी चरबी तिथे खाणार कोण? बरं, बिल ऑफ लेडिंगवर (जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीवर) खरेदीदाराचं नाव असायला हवं तिथे बऱ्याच मालाला नुसतं ‘टू ऑर्डर’ (नंतर सांगू त्याला द्या) किंवा अमेरिकन मांस कंपन्यांच्याच एजंटांची नावं. कोर्ट म्हणालं की कोपनहेगन हा फक्त थांबा, खरा मुक्काम जर्मनी, म्हणून प्रवास अखंड धरायचा.
मला विचाराल तर माल कुठे चाललाय हे जजने बरोबर ओळखलं. माझा आक्षेप वेगळा आहे. ऑक्टोबर १९१४ च्या ब्रिटिश सरकारच्या हुकुमाने ‘टू ऑर्डर’ माल तटस्थ बंदराला चाललेला असला तरी पकडायची मुभा दिली होती, म्हणजे आधी पकडणाऱ्याने सिद्ध करायचं होतं ते आता मालवाल्याने सिद्ध करायचं झालं. चरबी सैनिकाच्या ताटात जाणार की हांबुर्गच्या एखाद्या घरातल्या पोरांच्या, हे न्यूयॉर्कचा व्यापारी कसं दाखवणार?

अवधूत_क
म्हणजे नीलांबरीताईंचं बरोबरच की. कोर्ट त्यांचं, नियम त्यांचे, नेव्ही त्यांची. ‘डासिया’चं बघा ना, मुळात जर्मन जहाज, युद्ध लागल्यावर एका अमेरिकन माणसाने विकत घेऊन त्यावर अमेरिकेचा झेंडा लावला आणि कापूस भरून जर्मनीसाठी निघालं. ब्रिटनने पकडलं असतं तर अमेरिकेत बोंब झाली असती, म्हणून फेब्रुवारी १९१५ मध्ये ते फ्रेंचांनी पकडलं. तिथेही प्राइझ कोर्टाने जहाज जप्तच केलं. यात न्याय कुठे आणि राजकारण कुठे?

जुने_कागद
अवधूत, राजकारण होतंच, पण सगळी कोर्टं सरकारच्या खिशात होती असं म्हणू नका. ‘झमोरा’ जहाजाची केस वाचा. स्वीडनचं जहाज, न्यूयॉर्कहून स्टॉकहोमला तांबं घेऊन चाललेलं. निकाल लागायच्या आधीच ब्रिटनच्या वॉर ऑफिसला (युद्धखात्याला) ते तांबं वापरायला हवं होतं. एप्रिल १९१६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वरच्या अपिलाच्या कोर्टाने, स्पष्ट सांगितलं की प्राइझ कोर्ट आंतरराष्ट्रीय कायद्याने चालतं, सरकारच्या हुकुमाने तो कायदा बदलत नाही. ऐन युद्धात स्वतःच्या सरकारला हे ऐकवणं मला फार मोठं वाटतं.
आणि दुसरी बाजूही बघा. जानेवारी १९१५ मध्ये जर्मन क्रूझरने अमेरिकेचं ‘विल्यम पी. फ्राय’ हे गहू नेणारं शिडाचं जहाज बुडवलंच. ब्रिटनकडे निदान माल वखारीत राहायचा आणि वकील उभा करता यायचा.

नीलांबरी
सगळ्यांचे आभार. दादागिरी हा शब्द मी अजून मागे घेत नाहीये, पण ती नेमकी कुठे झाली ते कळलं. पुरावा कोणी द्यायचा तिथे. आपल्याकडे असा काही कायदा आहे का?

दर्यावर्दी
आहे ना, नेव्हल अँड एअरक्राफ्ट प्राइझ अ‍ॅक्ट, १९७१. वर्ष बघूनच कळेल कशासाठी आणला ते. पकडलेलं जहाज आणि माल यांचा निकाल प्राइझ कोर्टात लावायची तजवीज त्यात आहे. मूळ कायदा नेटवर मिळतो, फार मोठा नाही, एका बैठकीत वाचून होईल.