पगार अर्ध्यावर आलाय, घरखर्चाला कात्री कुठून लावू?

वैदेही_भांडुप
नमस्कार मंडळी. ह्यांच्या कंपनीत गेले काही महिने पगार अर्धाच येतोय आणि पुढचं कोणी काही सांगत नाही. मी घरी शिवणकाम करते, ब्लाऊज, फॉल-पिको, त्याचे महिन्याला 6-7 हजार होतात. दोघांचं मिळून आता हातात 35,000 येतात आणि खर्च बसतोय 44,000 च्या वर. सगळं मांडतेच म्हणजे तुम्हाला नीट सांगता येईल. घराचा हप्ता 14,500, मेंटेनन्स 2,200, किराणा 9,000, भाजी-दूध 4,500, लाइट 2,400, गॅस 900, सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या 2,800, मुलीचा क्लास 3,000 (नववीत आहे), लोकलचा पास आणि मोबाइल मिळून 2,000, आणि क्रेडिट कार्डाचे 3,000. कार्डावर 58,000 थकलेत, आम्ही दर महिन्याला मिनिमम भरतोय. मुलगा चौथीत. गावाकडून तांदूळ येतो थोडा, बाकी आधार नाही. मुलांचं दूध आणि अंडी कमी करायची माझी अजिबात तयारी नाही, बाकी काहीही सांगा. कुठून सुरू करू?

मुलुंडकर_काका
वैदेहीताई, मी बँकेत नोकरी करून रिटायर झालोय म्हणून आधी कार्डाचं सांगतो, किराण्याकडे नंतर बघा. कार्डाचं व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्के धरा. 58,000 वर झाले 2,030, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी म्हणजे अजून 365. तुम्ही भरताय 3,000. म्हणजे कर्जातून उतरतायत फक्त 600 च्या आसपास, आणि बाकी थकलेली असताना त्याच कार्डावर नवीन खरेदी केली तर तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. घरात थोडं सोनं असेल तर बँकेत ठेवून गोल्ड लोन घ्या आणि कार्ड एका फटक्यात संपवा. वर्षाला 10 टक्के धरले तरी महिन्याचं व्याज 500 च्या आत येतं. सोनं गहाण ठेवायला बायकांना जिवावर येतं हे मला काउंटरवर बसून चांगलं माहितीय, पण ते विकायचं नाहीये, सोडवून आणायचंय. आणि ठेवायचं ते बँकेतच, ओळखीच्या सावकाराकडे नाही. सोनं नसेल तर कार्डवाल्या बँकेला फोन करून थकबाकीचे हप्ते पाडून मागा, तिथे व्याज कमी लागतं.

दुसरं, घराचा हप्ता. चेक बाउन्स व्हायच्या आधी शाखेत जा. नंतर गेलात की तुम्ही थकबाकीदार, आधी गेलात की तुम्ही गिऱ्हाईक. अर्ध्या पगाराच्या स्लिपा, अर्ज लेखी, पोच घ्यायची. मुदत वाढवून हप्ता कमी करा म्हणायचं. शिवाय 2025 च्या वर्षात रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) 6.50 टक्क्यांवरून 5.25 वर आला, त्याचा फायदा तुम्हाला मिळालाय का ते विचारा. बँका बरेचदा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात, तुम्हाला आता उलटं हवंय. कर्ज 2019 च्या आधीचं असेल तर ते जुन्या पद्धतीच्या दरावर असू शकतं, रेपोला जोडलेल्या दरावर बदलून मागा, थोडी फी लागते पण वसूल होते.

मोबाइलवरच्या पाच मिनिटांत कर्जवाल्या अ‍ॅपच्या नादाला लागू नका, कितीही अडचण असली तरी. तुमच्या मिस्टरांनाही सांगून ठेवा.

सुलभा_परळ
काकांनी महत्त्वाचं सांगितलंच आहे, मी स्वयंपाकघरातलं सांगते. आमच्याकडे गिरण्यांच्या संपापासून, म्हणजे 1982 पासून, सासूबाईंनी घर जसं चालवलं ते मी बघत आणि ऐकत आलेय त्यामुळे हे सगळं आमच्या घरात वापरून झालेलं आहे.

9,000 चा किराणा पाच माणसांना जास्त आहे आणि त्यात तांदूळ गावाहून येतो म्हणताय, म्हणजे पैसे बहुतेक पुड्यांमध्ये जातायत. गेल्या महिन्याची बिलं काढून बिस्किटं, सॉस, नूडल्स, रेडी पीठं, फ्लोअर क्लीनर यांच्यापुढे खुणा करा, बेरीज बघून दचकाल. गहू घेऊन गिरणीतून दळून आणा. मसाला पाकिटातला बंद, लालबागला मिरची गल्लीत मिरच्या आणि खडा मसाला घेऊन तिथेच कांडून मिळतो, एप्रिल-मेमध्ये वर्षाचा करायला एकदम पैसे नसतील तर तीन महिन्यांचा करा, कुणी नाही म्हणत नाही. तेल मोजून काढा, महिन्याच्या पहिल्या दिवशी महिन्याचं तेल एका डब्यात ओतायचं आणि तेवढ्यातच भागवायचं, पळी आपोआप हलकी होते.

मुंबई ग्राहक पंचायतीबद्दल माहीत नसेल तर चौकशी करा. 1975 पासून चालू आहे, शेजारपाजारच्या घरांचा संघ असतो, महिन्याची यादी आधी द्यायची, सगळ्यांचं सामान एका घरी येतं आणि आपणच वाटून घ्यायचं. स्वस्त तर पडतंच पण खरा फायदा हा की यादी आधी दिलेली असते त्यामुळे दुकानात जाऊन दिसेल ते उचलणं होत नाही.

भाजीचं म्हणाल तर रविवारी पहाटे दादर पश्चिमेला, तुमच्या मिस्टरांच्या पासावर तेच जातील. चार शेजारणींनी मिळून घेतलं तर घाऊक भावात पडतं, एकटीने पाच किलो वांगी आणून काय करणार. फ्लॉवरचे दांडे टाकायचे नाहीत, बारीक चिरून ताकातल्या कढीत घाला. मुळ्याच्या पाल्याची डाळ घालून भाजी, दुधीच्या सालींची तीळ घालून चटणी. मूग, मटकी, चवळी, हरभरे आलटून पालटून मोड आणा, आठवड्यातले चार दिवस उसळ आणि मुलांना प्रोटीनची काळजी नाही. कुळथाचं पिठलं आणि भात आमच्या मुलांना सणासारखा वाटतो अजून. मासे खात असाल तर मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, खरेदी करून ठेवा, मरोळला सुक्या मासळीचा बाजार आहे, सुकट, बोंबील, जवळा. जून-जुलैत बोटी बंद असतात तेव्हा ताज्याचे भाव बघवत नाहीत, त्या दिवसांत मूठभर जवळा कांद्यावर परतला की अख्खं घर जेवतं.

सिस्टर_सायन
सासूबाईंच्या गोळ्यांबद्दल कळकळीने सांगते, कृपा करून गोळ्या अर्ध्या करू नका, एक दिवसाआड देऊ नका. पैशांची ओढाताण झाली की घराघरात पहिल्यांदा म्हातारी माणसं स्वतःच्या गोळ्या गुपचूप वाचवायला लागतात, वॉर्डात मी हे कायम बघते, एका स्ट्रोकपुढे वर्षभराच्या गोळ्या काहीच नाहीत. डब्यातल्या पट्ट्या तुम्हीच मोजत जा.

डॉक्टरांना सांगा कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं नाव लिहून द्या. टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन ही सगळी जनऔषधी केंद्रात मिळतात, ब्रँडच्या निम्म्याहून कमी किमतीत. एकत्रित गोळी असेल (दोन औषधं एकात) तर तशीच मिळते का बघा, नसेल तर डॉक्टरांना विचारूनच वेगळ्या करा, दुकानदाराच्या सल्ल्याने नको. 2,800 चे 1,000 च्या आत येतील असा माझा अंदाज आहे. बीपी-शुगर तपासायला महापालिकेचा आपला दवाखाना जवळ असेल तर तिथे जा, तपासणी आणि औषधं फुकट आहेत.

रेशन कार्ड कोणत्याही रंगाचं असो, नीट जपून अपडेट ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सगळ्या कार्डांना लागू आहे, वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत, ठरावीक आजारांना आणि ठरावीक हॉस्पिटलांत. पण मेडिक्लेम चालू असेल तर तो या भरवशावर बंद करू नका.

दिपक७८
मेडिक्लेम, एलआयसी सगळं बंद करा सरळ, आज जेवायला नाही तर उद्याचा विमा काय कामाचा. मुलीचा क्लास पण बंद, आम्ही काय क्लास लावून शिकलो का?

मुलुंडकर_काका
दिपक, नाही पटत. पॉलिसी मध्येच मोडली तर भरलेल्यातलं बरंच जातं. तीन वर्षांच्या वर झालेली असेल तर तिच्यावर कर्ज मिळतं का बघावं, किंवा पेड-अप करून ठेवावी, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवावी. मेडिक्लेम एकदा तुटला की वेटिंग पिरियड (जुन्या आजारांना क्लेम मिळत नाही तो काळ) पुन्हा पहिल्यापासून, आणि घरात मधुमेहाचं माणूस आहे.

वायरमन_दादा
लाइटचं बिल 2,400 म्हणजे तुम्ही 101 ते 300 युनिटच्या स्लॅबच्या बाहेर जाताय का ते बिलाच्या मागे बघा, 300 च्या वरच्या प्रत्येक युनिटला भाव चढतो म्हणून पहिलं टार्गेट 300 च्या आत. साधा पंखा 75 वॉट खातो, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा 28-30. रोज 12 तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला 16 युनिट वाचतात. पण आत्ता खर्च करू नका, जुना पंखा जळेल तेव्हा नवीन तो घ्या. आत्ता फुकटातलं करा. फ्रिजच्या दारात नोट अडकवून बंद करा, ती सहज निघाली तर रबर गेलंय, ते बदलायला थोडेच पैसे लागतात आणि फ्रिज दिवसरात्र चालतो म्हणून फरक लगेच दिसतो. गीझर लावला की पाच माणसांनी पाठोपाठ आंघोळ करायची, दर वेळी नव्याने तापवायचं नाही. टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स बटणावरून बंद. शिलाई मशीनला मोटर असेल तर ती फार खात नाही, ती काळजी नको.

आणि पासाचं, तीन महिन्यांचा काढला तर 2.7 महिन्यांचे पैसे पडतात. वर्षाचा 10.8 चा पडतो पण नोकरीचं नक्की नसताना वर्षाचा काढू नका. स्टेशनपासून बेस्टच्या बसने जात असाल तर मे 2025 पासून किमान भाडं 5 चं 10 झालंय, चालण्यासारखं असेल तर तिथेही वाचतात.

वैदेही_भांडुप
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचताना ह्यांनाही बाजूला बसवलं. सोनं आहे, माझ्या आईने दिलेल्या पाटल्या. रात्री आमचं ठरलं, त्या ठेवायच्या आणि कार्ड संपवायचं. सासूबाई जनऔषधीला तयार नव्हत्या, स्वस्त म्हणजे पाण्याची गोळी असं त्यांच्या मनात आहे, सिस्टर तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं तर म्हणाल्या आधी डॉक्टरला विचार मग बघू. आता राहिला क्लासचा प्रश्न. मुलीला सांगावं की नाही हेच कळत नाही, ती विचारत असते बाबा आजकाल गप्प का असतात. आणि सगळं धरलं तरी माझ्या हिशोबाने अजून 2-3 हजार कमी पडतात.

सुलभा_परळ
नववीतली मुलगी म्हणजे लहान नाही, तिला सांगा. आकड्यांसकट सांगा. घरात काय चाललंय ते मुलांना भिंतीआडून कळतंच आणि अर्धवट कळलेलं जास्त घाबरवतं, संपाच्या वेळी आमच्या चाळीत ज्यांनी मुलांना बसवून सांगितलं ती मुलं धीट निघाली. क्लास बंद करायच्या आधी क्लासवाल्या सरांना जाऊन भेटा, परिस्थिती सांगा, बरेच जण फी थांबवतात किंवा दोनच विषय ठेवू देतात. गणित-विज्ञान ठेवा, बाकीचे ती करेल. लाजायचं काही कारण नाही, आपण फुकट मागत नाही, मुदत मागतोय.

टेलरिंग_डोंबिवली
वैदेहीताई, खर्चाचं सगळ्यांनी सांगितलं, मला तुमच्या मशीनचं बोलायचंय. 44 चा खर्च नुसता कापून 35 वर आणताना घर रडकुंडीला येतं, त्यापेक्षा वरचे 2-3 हजार कमावणं सोपं पडेल. ब्लाऊज आणि फॉल-पिको प्रत्येक गल्लीत आहे त्यामुळे भाव वाढत नाही. शिवलेली नऊवारी करता का? पाडवा, गणपती, नवरात्र आणि शाळांची गॅदरिंग, लहान मुलींच्या नऊवारीला तर इतकी मागणी असते की आम्ही परत पाठवतो. मे-जूनमध्ये शाळेच्या युनिफॉर्मची उंची कमी-जास्त करायचं काम असतं, बिल्डिंगच्या ग्रुपवर एकदा टाका.

वैदेही_भांडुप
नऊवारी एकदाच शिवलीय, भाचीसाठी. ओच्याचं आणि काष्ट्याचं माप बसवायला फार वेळ गेला. लोकांकडून घ्यायची तर किती सांगावेत?

टेलरिंग_डोंबिवली
सुरुवात लहान मुलीच्या मापापासून करा, पाच ते आठ वर्षं, त्यात कंबरेला इलॅस्टिक चालतं आणि माप चुकलं तरी निभावतं. जुन्या साडीवर दोन करून बघा, एक फोटोला ठेवा. भाव ठरवताना अस्तर असलेल्या ब्लाऊजला तुम्हाला किती तास लागतात आणि तुम्ही किती घेता ते बघा, नऊवारीला जेवढे तास जास्त तेवढा भाव जास्त, दोरा, इलॅस्टिक, हुक वेगळे. ओळखीच्यांनाही एकच भाव सांगायचा, एकीला कमी केला की दुसरी तेच धरून बसते. निम्मे पैसे कापड हातात घेतानाच घ्या. काष्ट्याच्या मापाचा कागद माझ्याकडे कापून तयार आहे, फोटो काढून त्यावर इंच लिहून पाठवते, तुम्ही वर्तमानपत्रावर उतरवून घ्या.