ढकलगाडीवर ‘पद्मिनी’: जुने चिन्ह ठोकावे की अक्षरे रंगवून घ्यावीत?

मुलुंडकर (प्रश्न)

नमस्कार. मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या आवारात बागकामासाठी एक एकचाकी ढकलगाडी आहे. तिचा हौदा जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा असून माती, शेणखत, पालापाचोळा आणि सुटीच्या दिवशी लहान मुले अशी सर्व वाहतूक तिच्यातूनच होते. माझे वडील आयुष्यभर मुंबईत टॅक्सी चालवत असत आणि त्यांची शेवटची गाडी प्रीमियर पद्मिनी होती. 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदवली गेलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. ती बातमी वाचल्यापासून ही ढकलगाडी काळ्या-पिवळ्या रंगात रंगवून तिच्यावर त्या गाडीचे नाव घालावे, असे माझ्या मनात घोळत आहे. समितीची हरकत नाही. आमचे सचिव एवढेच म्हणाले की, मीटर मात्र लावू नका.

चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर मला ‘प्रीमियर’ हा शब्द एकमेकांना जोडलेल्या तिरप्या रोमन अक्षरांत असलेले, क्रोमचा मुलामा दिलेले एक जुने चिन्ह मिळाले. त्याच्या पाठीमागच्या तीन खुंट्यांपैकी एक तुटलेली आहे आणि पृष्ठभागावर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे पडले आहेत. हे चिन्ह हौद्याला भोके पाडून बसवावे, की पेंटरकडून अक्षरे रंगवून घ्यावीत, असा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न रंगाचा. दोन वर्षांपूर्वी याच हौद्याला आम्ही हिरवा ऑइल पेंट दिला होता, तो पहिल्याच पावसाळ्यानंतर पापडासारखा सुटला. तसे पुन्हा होऊ नये यासाठी काय करावे?

ब्रश आणि डबा

मी लालबाग-परळ भागात दुकानांच्या पाट्या, टेम्पोचे दरवाजे आणि गणेशोत्सवाच्या कमानी रंगवत आलो आहे, त्यामुळे आधी रंगाविषयी सांगतो, कारण खालचा थर चुकला तर वरचे अक्षर कितीही देखणे असले तरी त्याचा उपयोग नाही. तुमचा हिरवा रंग सुटला यात रंगाऱ्याचा आळस असेलही, पण मूळ कारण जस्त हे आहे. साध्या ऑइल पेंटमध्ये जे तेल असते, त्याची दमट हवेत जस्ताशी रासायनिक क्रिया होते आणि रंग व पत्रा यांच्या मधोमध साबणासारखा एक पातळ थर तयार होतो. वरून रंग धडधाकट दिसतो, पण त्याची पकड आतून सुटलेली असते. नखाने कोपरा उचलला की अख्खा तुकडा हातात येतो, आणि त्याच्या खालचा पत्रा अगदी स्वच्छ दिसतो, ही त्याची खूण. लोखंडावर चालणारा रेड ऑक्साइड येथे चालत नाही, तरीही बहुतेक लोक तोच मारतात.

यासाठी जुना रंग पूर्ण खरवडून काढावा, पत्र्यावर पांढरी भुकटी धरली असेल तर ती घासून काढावी, नंतर बारीक पॉलिश पेपरने पत्र्याची चमक मारावी आणि थिनरच्या फडक्याने तेलकटपणा पुसावा. त्यावर मोटारींच्या रंगाच्या दुकानात मिळणारा एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन पकड धरणारा पहिला थर, अगदी पातळ द्यावा, त्यावर इपॉक्सी प्रायमर, आणि मग गॅरेजमध्ये गाड्यांना मारतात तो पीयू (पॉलियुरेथेन) रंग. डेंटिंग-पेंटिंग करणारा कोणताही कारागीर उरलेल्या रंगात तुमचा हौदा फवारून देईल, कारण त्याच्या दृष्टीने तो एका दरवाजापेक्षाही लहान आहे. हे सर्व मे महिना संपण्याच्या आत उरकावे. जूनच्या हवेत रंग सुकतो असे नुसते वाटते.

आता अक्षरे. चिन्ह ठोकू नका. ते मझाकचे, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतकाम आहे आणि त्यावरचे खड्डे आतून गंज सुरू झाल्याचे सांगतात. हौद्यावर बसवल्यास त्याच्या पाठीमागे खताचे पाणी साचेल आणि एका हंगामात ते पूर्ण फुगून जाईल. शिवाय फावड्याचा एक फटका बसला की उरलेल्या दोन खुंट्याही जातील. त्याऐवजी त्याचा ठसा घ्या: चिन्हावर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलने कड उतरवा, हवी तेवढी मोठी झेरॉक्स काढा, आणि त्या कागदावरच्या रेषेवर सुईने जवळजवळ भोके पाडा. कागद हौद्यावर चिकटवून वरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी थोपटली की, ठिपक्यांच्या रांगोळीसारखे संपूर्ण अक्षर पत्र्यावर उतरते. मग खारीच्या केसांच्या लांब ब्रशने इनॅमलमध्ये ओढायचे. अक्षर ओढण्यापूर्वी खालचा पीयू रंग ओल्या वॉटर पेपरने हलका घासून घ्यायला विसरू नका, नाहीतर गुळगुळीत पृष्ठभागावर इनॅमल धरत नाही. आणि त्यावर ‘चमक यावी’ म्हणून लॅकर मारू नका. त्याच्या तीव्र थिनरने खालचे इनॅमल सुरकुतते. मी स्वतः एका दुधाच्या टेम्पोचा दरवाजा असा खराब करून तो फुकट पुन्हा रंगवून दिला आहे.

कुर्ला ७०

वरील सल्ला उत्तम आहे. मी फक्त नावाविषयी लिहितो, कारण लोक बहुधा तिथेच गोंधळतात. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला डॉज, प्लिमथ आणि डीसोटो या अमेरिकन गाड्या जोडल्या जात असत. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. आपण जिला पद्मिनी म्हणतो ती मुळात ‘फियाट 1100 डिलाईट’, नंतर थोडा काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि 1974 पासून चितोडच्या राणीच्या नावाने ‘प्रीमियर पद्मिनी’. नाव बदलले तरी मुंबईकर तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले. तुमचे वडीलही ‘आज फियाट धुवायची आहे’ असेच म्हणत असतील. त्यामुळे ढकलगाडीवर काय लिहायचे याचा निर्णय केवळ बाजारात कोणते चिन्ह सापडले यावर सोडू नका.

अक्षरांविषयी एक निरीक्षण. जुन्या गाड्यांची नावे एकमेकांना जोडलेल्या अक्षरांत, तिरपी आणि बहुधा खालून ओढलेल्या शेपटासह का असतात, याचे एक कारण सौंदर्याचे असले तरी दुसरे अगदी व्यवहाराचे आहे. सुटी अक्षरे ओतली तर प्रत्येकाला स्वतंत्र खुंट्या आणि पत्र्यात स्वतंत्र भोके लागतात, शिवाय बसवताना त्यांची ओळ चुकते. सर्व अक्षरे एका रेघेने बांधली की अख्खा शब्द एकसंध होतो आणि दोन-तीन खुंट्यांवर निभावतो. हे लक्षात घेतले तर देवनागरीसाठी ही शैली किती सोयीची आहे, हे कळेल. आपल्याकडे शब्द बांधणारी रेघ आधीपासूनच आहे, फक्त ती खाली नसून वर आहे. शिरोरेषा ही गाडीच्या दरवाजावरून जाणाऱ्या क्रोमच्या पट्टीसारखी लांबवून हौद्याच्या मागच्या कडेपर्यंत नेली, तर वेगळ्या सजावटीची गरज उरणार नाही.

‘पद्मिनी’ हा शब्द त्या दृष्टीने विशेष जमून येतो. पहिली वेलांटी ‘द्म’च्या डाव्या काठीवरून उजवीकडे झुकते आणि दुसरी ‘न’च्या उजव्या काठीवरून डावीकडे. त्यामुळे दोन कमानी समोरासमोर येतात आणि मडगार्डांच्या जोडीसारख्या दिसतात. अडचण एकच आहे, ती ‘द्म’ची. तो जोडाक्षराने उभा रचला तर खाली फार दाट होतो आणि लांबून काळा डाग वाटतो. पेंटरला आधी कागदावर दोन-तीन प्रकारे काढायला सांगा. घाईत काही जण पहिली वेलांटी ‘द’ आणि ‘म’ यांच्या मध्ये घालतात, तेवढे मात्र पाहून घ्या.

शंकासुर

चर्चेचा रसभंग करण्याची इच्छा नाही, परंतु दोन शंका आहेत. पहिली कायद्याची: दुसऱ्या कंपनीचे नाव असे आपल्या वस्तूवर लावता येते का? दुसरी अभिरुचीची: शेणखताच्या गाडीवर मोटारीचे नाव लिहिणे म्हणजे वडिलांच्या आठवणीची थट्टा तर होणार नाही? परदेशात लोक गवत कापण्याच्या यंत्रावर महागड्या गाड्यांची चिन्हे चिकटवतात, तो उघड विनोद असतो. इथे हेतू वेगळा दिसतो, म्हणून विचारतो.

कुर्ला ७०

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्यातील कलम 29 नुसार उल्लंघन ठरण्यासाठी चिन्हाचा वापर व्यापाराच्या ओघात झालेला असावा लागतो. सोसायटीची ढकलगाडी कोणी विकायला काढत नाही. उद्या मुलुंडकरांनी अशा पन्नास गाड्या रंगवून विकायला ठेवल्या, तर गोष्ट वेगळी.

दुसऱ्या शंकेबाबत मात्र माझे मत उलट आहे. मोटारीचे नाव आणि अंगणातले अवजार हे नाते वाटते तितके विजोड नाही. पेजो या फ्रेंच कंपनीचा सिंह आज मोटारीवर दिसतो, पण 1858 मध्ये तो नोंदवला गेला तेव्हा ती कंपनी करवती बनवत होती. दातांचा कणखरपणा, पात्याची लवचीकता आणि कापण्याचा वेग हे करवतीचे गुण सिंहात पाहिले गेले. म्हणजे चिन्ह अवजारावरून मोटारीवर गेले. लॅम्बोर्गिनीने 1948 मध्ये ट्रॅक्टरने सुरुवात केली, मोटारी आल्या त्या 1963 मध्ये. आणि खुद्द फियाटचा पहिला ट्रॅक्टर 1919 सालचा आहे. तेव्हा ‘फियाट’ या नावाने माती वाहिली तर त्यात नवल नाही. शिवाय टॅक्सी ही काही मखरात बसवायची वस्तू नव्हती, तीही दिवसभर ओझेच वाहत होती.

ब्रश आणि डबा

शंकासुर यांच्या मुद्द्याला माझ्याकडून एक पुरवणी. थट्टा वाटणे न वाटणे बरेचसे कामाच्या सफाईवर ठरते. संगणकावर कापलेले रेडियमचे स्टिकर तिरके चिकटवले तर विनोद वाटेल, आणि तेही हौद्याच्या कडेला माती घासून महिन्याभरात उचकटतील. हाताने ओढलेल्या अक्षराकडे मात्र लोक थांबून पाहतात. मुलुंडकर, हौद्याच्या बाजू वर रुंद आणि खाली अरुंद असतात आणि आपण त्यांच्याकडे वरून पाहतो, त्यामुळे अक्षरे जरा जास्त उंच काढावी लागतील, नाहीतर उभ्याने पाहताना ती चेपलेली दिसतात. कागद चिकटवून चार पावले मागे जाऊन पाहणे, हाच त्याचा हिशेब.

मुलुंडकर

सर्वांचे मनापासून आभार. काम गेल्या रविवारी पूर्ण झाले, म्हणून कळवतो. हौदा काळा आणि वरची गोल कड पिवळी, म्हणजे टपाचा पिवळा कडेवर आला. डाव्या बाजूस देवनागरीत ‘पद्मिनी’ आणि उजव्या बाजूस चोर बाजारातल्या चिन्हावरून उतरवलेले रोमन ‘प्रीमियर’ असे ठरवले. वडील खरोखरच ‘फियाट’ म्हणत असत, कुर्ला ७० यांचा अंदाज बरोबर होता. म्हणून हौद्याच्या मागे, ढकलणाऱ्याला तेवढे दिसेल अशा जागी, ते एक नाव अगदी लहान अक्षरांत घातले आहे. मूळ चिन्ह घरी पुस्तकांच्या फळीवर आहे.

‘द्म’ने खूप छळले. पेंटरकाकांनी पहिला कागद फाडून टाकला, दुसऱ्यात ‘म’ची काठी आखूड केली, आणि तिसऱ्यात ‘द’चे पोट थोडे डावीकडे ओढल्यावर अक्षराला श्वास घ्यायला जागा मिळाली. शिरोरेषा मागच्या कडेपर्यंत नेली आहे, मात्र शेवटच्या दोन इंचांत ती किंचित खाली उतरते, कारण तिथे पत्र्याला जुना पोचा आहे आणि तो माझ्या लक्षात आला नव्हता. काका म्हणाले की, गाडीला पोचा नसेल तर ती मुंबईची टॅक्सी कसली. आमच्या माळीदादांनी अजून तिच्यात खत भरलेले नाही. रंग कडक व्हायला आठवडा द्या, असे मीच त्यांना सांगितले होते, पण आज नववा दिवस आहे आणि ते अजूनही पाटीनेच माती वाहत आहेत.