आईच्या पोटाच्या टाक्यांना घाम आणि ओल लागतेय, काय करू?

नमस्कार मंडळी,
आईचं हर्नियाचं ऑपरेशन पोट उघडून झालं, आत जाळी बसवली आहे. आता आम्ही ऐरोलीला घरी आलोय. तिला मधुमेह आहे आणि सर्जननी बजावलंय, जाळीपर्यंत जंतुसंसर्ग गेला तर प्रसंगी ती काढावी लागते. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

ड्रेसिंग दिवसाआड करते, साबणाने हात धुऊन आणि निर्जंतुक गॉज वापरून. अडचण घामाची आहे. टाके बेंबीखाली आहेत, आई बसली की पोटाची वळी नेमकी त्यावर येते. वरून दिवसभर पट्टा. संध्याकाळी सोडला की आतून दमट असतो आणि चिकटपट्टी एका कडेने सुटलेली असते. खाडीकडच्या या हवेत पंख्याने काही होत नाही. पावडर टाकली तर चालेल का?

टाक्यांच्या कडेला किंचित लाली आहे. पू, वास, ताप नाही. उपाशीपोटी साखर १६० च्या आसपास येतेय.

शिवाय कळव्याची आत्या हळद आणि खोबरेल तेल घेऊन आलीय. तिचा आईवर फार जीव आहे, तिला दुखवायचं नाही. कसं समजावू?

प्रतिसाद:
ताई, मी ठाण्यात सर्जिकल वॉर्डला नर्स आहे. पावडर अजिबात नको. पट्टा थेट अंगावर न बांधता आत धुतलेला सुती बनियन घाला, आणि दुसरा पट्टा घ्याच, म्हणजे एक नीट वाळेल. आडवं पडल्यावर सोडला तर चालेल का, ते सर्जनना विचारा. ड्रेसिंग ओलं झालं किंवा सुटलं तर दिवसाआडची वाट बघू नका, लगेच बदला.

लाली जिथे संपते तिथे पेनाने रेघ आखा, बाजूला वेळ लिहा. आज फोटो काढून सर्जनना पाठवा आणि साखरेचा आकडाही कळवा. उपाशीपोटी साधारण ८० ते १३० अपेक्षित असते. औषधाचा डोस मात्र स्वतः बदलू नका. लाली रेघेबाहेर गेली, जागा गरम लागली, सूज किंवा दुखणं वाढलं, पू आला, टाका उसवला किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर त्याच दिवशी दाखवा, पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.

आत्यांना सांगा, डब्यातली हळद निर्जंतुक नसते, टाक्यांवर चालत नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात, तेव्हा मुगाचं धिरडं, अंडी, पनीर हे खातं त्यांच्याकडेच सोपवा.